अनुभवाचा दाखला

महाडच्या कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात. त्यातल्या एकाने वेबसाइटी बनवायचा धंदा काढला होता आणि त्याच्याकडे मी दोन वर्षं नोकरी केली, असं पुण्यातल्या ऑफिसात सांगितलं की पोरं हसतात. त्यांना वाटतं मी फेकते. अरे बाबांनो, फेकायची माझी सवय मोडली तीच मुळी तिथे!

पहिल्या दिवशी मी त्यांना ‘सर’ म्हटलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सर शाळेत असतात. मी टायपिस्ट आहे.” मग मी काका म्हणायला लागले. सगळं महाड त्यांना काकाच म्हणायचं.

बावीस वर्षं काकांनी कोर्टाच्या भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली मशीन मांडलं होतं. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, असलं सगळं. मग कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता सगळं ऑनलाइन होणार, टायपिंग संपलं. मुंबईहून त्यांचा भाचा आला. मामा, आता डिजिटल मार्केटिंगचा जमाना आहे म्हणाला. त्याने बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर गाळा बघून दिला, कारण सावित्री नदीचं पाणी कधी बाजारात शिरेल याचा नेम नसतो आणि महाडात शहाणा माणूस तळमजल्यावर कॉम्प्युटर ठेवत नाही. दोन कॉम्प्युटर आणले, बोर्ड लावला, आणि दोन महिन्यांत भाचा स्वतःच दुबईला नोकरीला निघून गेला. उरले काका, दोन कॉम्प्युटर आणि बोर्ड. त्या बोर्डाखाली काकांनी आपल्या हौसेने एक ओळ वाढवून घेतली होती, ‘येथे प्रतिज्ञापत्रही करून मिळेल.’

भाच्याच्या जागी मी लागले. तेव्हा अर्धं महाड दहावीचा निकाल बघायला सायबर कॅफेत जात होतं. वेबसाइट म्हणजे मुंबईच्या लोकांचं काहीतरी, असा हिशेब. मी जवळच्या तुडील गावची, आमच्या बौद्धवाडीत कॉम्प्युटर शिकलेली पहिलीच मुलगी, आणि त्याचा मला जरा माजही होता. मला पुण्याला डेव्हलपर म्हणून नोकरी करायची होती. पण पुण्याच्या कंपन्यांच्या जाहिरातीत ठरलेली ओळ असायची, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्याशी माझा करार झाला होता. दोन वर्षं घरात कोणी लग्नाचं नाव काढायचं नाही. दोन वर्षांनी पुण्याची नोकरी मिळाली तर मी पुण्याला, नाही मिळाली तर येतील ती स्थळं मी गुपचूप बघायची. म्हणजे मला काकांकडून एकच वस्तू हवी होती, दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला. बाकी त्यांचा धंदा चालो की बुडो, मला काय त्याचं? असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, असंच वाटायचं.

आता काकांची तऱ्हा ऐका.

कुठल्याही वेबसाइटचा मजकूर ते स्वतः लिहायचे, आणि बावीस वर्षांची बोटं ती, दुसरं काही लिहायलाच तयार नसत. पोलादपूरच्या एका मिसळवाल्याच्या साइटची सुरुवात अशी होती: ‘मी, खाली सही करणार, वय वर्षे बावन्न, धंदा हॉटेल, राहणार पोलादपूर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या हॉटेलात मिसळ सकाळी आठ वाजता मिळू लागते व साडेदहाच्या सुमारास संपते. त्यानंतर वडा मिळेल.’ आणि शेवटी, ‘वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’

मी कपाळावर हात मारून घेतला. “काका, ही जाहिरात आहे. ‘पोलादपूरची सर्वोत्तम मिसळ’ असं काहीतरी लिहा ना!”

“सर्वोत्तम कशावरून? बाकीच्यांची खाल्लीस?”

“नाही, पण...”

“मग पुरावा नाही. विशेषणाला साक्षीदार लागतो.”

उत्कृष्ट, दर्जेदार, नामांकित, सुप्रसिद्ध हे शब्द आमच्याकडे कधी शिरलेच नाहीत. एका दाताच्या डॉक्टरांनी ‘वेदनारहित उपचार’ लिहायला सांगितलं. काकांनी त्यांना समोर बसवून विचारलं, दाढ काढताना दुखत नाही? डॉक्टर म्हणाले, थोडं दुखतंच हो. काकांनी लिहिलं, ‘थोडे दुखते.’ डॉक्टर जे तणतणत जिना उतरले ते परत आले नाहीत. मिसळवाल्याचं मात्र बरं झालं. हायवेवरून जाणारी मुंबईची माणसं सव्वाआठलाच येऊन बसायला लागली, उगाच संपायला नको म्हणून.

एकदा छापून झालं की त्या मजकुराच्या प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाची सही. सही येत नसेल तर अंगठा. मी कॉम्प्युटरवर एखादा आकडा बदलला तरी खाली ‘अमुक ठिकाणी दुरुस्ती केली’ अशी ओळ आणि माझ्या नावाची आद्याक्षरं. छापील प्रती लाल फितीत बांधून कपाटात. त्या कपाटाला आम्ही ‘बॅकअप’ म्हणायचो. पुढे पुण्यात पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, इथे कोडमधला प्रत्येक बदल कोणी केला, का केला, त्याची नोंद ठेवावी लागते, जमेल का? मला हसूच आलं.

कोड त्यांना ओ की ठो कळत नव्हता. पण माझं पान बिघडलं आणि मला दोन-दोन तास सापडेना की म्हणायचे, “छापून आण.” मी चिडून चाळीस पानं छापून आणायची. ते लाल पेन घेऊन, एकेका पानावर बोट ठेवून, ओळ न् ओळ उतरत जायचे. टायपिस्टाची नजर! चहा गार व्हायचा, आणि मग पेन थांबायचं. “मला यातलं काही कळत नाही. पण हे इथे उघडलंय आणि बंद कुठेच केलेलं नाही.” शपथेवर सांगते, दहातल्या नऊ वेळा तीच चूक असायची, कुठलातरी कंस उघडा राहिलेला. बरं, चूक काढली म्हणून टोमणा नाही, काही नाही. पेनला टोपण लावायचे, गार चहा पिऊन टाकायचे आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसायचे.

कुडपणची गोष्ट सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. पोलादपूरवरून वर कुडपणला एका जोडप्याने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. दादा म्हशी राखायचे, वहिनी शेत आणि चूल बघायच्या. त्यांची साइट मी बनवली. झकास झाली होती, डोंगराचे फोटोबिटो. पण सगळ्या साइटींवर असतात तसे ‘पाहुण्यांचे अभिप्राय’ नव्हते आणि ती जागा मोकळी दिसत होती. मी बसल्या बसल्या तीन लिहिले. पुण्याच्या एक बाई, ठाण्याचं एक कुटुंब आणि नाशिकचे एक निवृत्त अधिकारी. पुण्याच्या बाईंचं मन निसर्गाने मोहून गेलं होतं आणि त्यांना पुन्हा पुन्हा यावंसं वाटत होतं.

काकांनी वाचलं. “पत्ते दे. पोस्टकार्ड टाकतो.”

“कशाला?”

“लिहिलंय ते त्यांचंच ना, विचारून घ्यायला.”

माझी पाचावर धारण बसली. पण तेव्हा जीभ सैल होती माझी. म्हटलं, “पत्ते वहिनींकडे असतील, विचारते.”

“मग चल, विचारूनच येऊ. अंगठाही घ्यायचाच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही पोलादपूर गाठलं, तिथून जीप. शेवटच्या चढाला जीप दमली तेव्हा उतरून चालावं लागलं. काका पिशवीत स्टॅम्पपॅड घेऊन पुढे आणि मी मागे. वाटेत काय काय सबबी सांगता येतील त्या मी मनात जुळवत होते.

वहिनींनी अंगणात घोंगडी टाकली, ताक दिलं. काकांनी सगळा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. पुण्याच्या बाईंचा अभिप्राय वाचून झाला तशा वहिनी गोंधळल्या.

“ही बाय कंदी आलती गो?” त्यांनी मलाच विचारलं. मग नवऱ्याकडे वळल्या. “तुमी होता काय घरी? का मी गवताला गेलते तवा आली न गेली?”

दादा म्हणाले, “मला नाय ठाव.”

“अवो, म्हंजे मानूस दारात येऊन गेलं न आपल्याला ठाव नाय? कुनी पानी तरी दिलं काय तिला? जेवल्याबिगर गेली असंल ती!” वहिनींचा चेहरा इतका पडला, इतका पडला की मला बघवेना. पुण्याची ती बाई, जी मी बसल्या जागी पाच मिनिटांत जन्माला घातली होती, ती आपल्या घरून उपाशी गेली म्हणून वहिनी कासावीस झाल्या होत्या.

जुळवलेल्या सगळ्या सबबी मी सोडून दिल्या. म्हटलं, “वहिनी, कोणी नव्हतं आलं. मीच लिहिलं ते. खोटं आहे.”

वहिनींनी सुस्कारा सोडला. “मंग ठीक हाय बाय. मी म्हनलं उपाशी गेली की काय.”

त्या उठून चुलीकडे गेल्या. काकांनी लाल पेनने तिन्ही अभिप्रायांवर एकेक आडवी रेघ मारली, बाजूला आपली सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “खाडाखोड आहे. तूही सही कर.” मी सही केली. कोणी ओरडलं असतं ना, तर फार बरं वाटलं असतं.

मग आम्ही जेवलो, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. जेवून काकांनी स्वतःचा अभिप्राय लिहिला: ‘शेवटच्या चढावर जीपमधून उतरावे लागते. जेवण पोटभर मिळाले, नको म्हटले तरी वाढतात. अंथरूण स्वच्छ दिसले, झोपून पाहिले नाही. मोबाइल फक्त फणसाखाली लागतो.’ मलाही लिहायला लावलं. मी लिहिलं की इथे घरचे समजून विचारपूस करतात. तेच दोन अभिप्राय साइटवर चढले. पुढच्या हंगामात जी माणसं वर गेली त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल? फणस शोधला!

आता भांडणाचं सांगते, ते टाळून चालायचं नाही.

मला लागून सोळा महिने झाले होते. काम आटत चाललं होतं. ज्याला त्याला फुकटात आपलं पान बनवता यायला लागलं होतं, साइट कोण करून घेतो? काका खुर्चीत बसून खिडकीतून बाजार बघत राहायचे. त्याच सुमारास पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या कंपनीत जागा निघाली होती. दोन वर्षांचा दाखला दे, बाकी मी बघते, म्हणाली. मी विचार केला, आठ महिन्यांचाच तर प्रश्न आहे, काका काय नाही म्हणतात? कोर्टकचेरीतला माणूस, मागची तारीख घालणं त्याला काय कठीण!

मी सांगितलं तसं त्यांनी ड्रॉवरमधून हजेरीचं रजिस्टर काढलं, बोटांवर मोजलं. “सोळा महिने, चार दिवस होतात.”

“माहीत आहे. तुम्ही दोन वर्षं लिहा.”

“नाहीत झाली.”

“काका, सगळे देतात हो! पुण्यात अर्ध्या लोकांचे दाखले असेच असतात. कोणी तपासत नाही.”

“कोणी तपासत नाही, तेच तर,” ते म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

माझा तोल गेला. काय काय बोलले ते आज आठवलं तरी जीभ हासडावीशी वाटते. म्हटलं, तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? तुमच्या ‘थोडे दुखते’ने गिऱ्हाइकं पळाली, आता माझं आयुष्यही त्यात घाला. घरी स्थळं वाट बघतायत, तुम्हाला काय त्याचं! तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. मला माहीत होतं, आणि माहीत असूनच बोलले.

ते एवढंच म्हणाले, “लिहून देता येणार नाही, बाळ.” मी पर्स उचलली आणि पाच वाजायच्या आत जिना उतरले. पुण्याची ती जागा गेली.

चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी बघते तर काका माझ्याआधी हजर, केसांना तेल, हातात पिशवी. “आजपासून कामं शोधायला जायचं. तू इथे थांब, मी आणतो.” आणि हा माणूस खरंच एसटीने गावोगाव फिरायला लागला. आणलेली गिऱ्हाइकं तरी कसली? पोह्यांची गिरणी. आंब्याची कलमं विकणारा. छत्र्या दुरुस्त करणारा, ज्याला वेबसाइट म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण काकांचा शब्द मोडवेना म्हणून हो म्हणाला. मी मनात म्हणायचे, बुडत्याचा पाय खोलात. एवढं कळत नाही का यांना, की धंदा संपलाय?

आणखी एक झालं. सकाळी साडेअकरापर्यंत काका गाळ्यावर येईनासे झाले. एक दिवस कोर्टावरून जाताना बघितलं तर निळी ताडपत्री, जुनं मशीन आणि काका खट्खट् टाइप करतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एजन्सीचा मालक माणूस, आणि पुन्हा त्या फळकुटावर! मला वाटलं, जुनी खोड, जात नाही. बाजूच्या गल्लीतून निघून आले. माझा पगार दर महिन्याला वेळेवर कुठून येतो, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. रागावलेलं माणूस आंधळं असतं, आणि मी तर डोळ्यांवर पट्टी बांधूनच बसले होते.

त्या गिऱ्हाइकांत पोलादपूरकडचा एक बेंजो पार्टीवाला होता. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला नाचायला बेंजोचा बँड नसेल तर ती हळद कसली? तो आला तो रडकुंडीला आलेला.

“काका, गेल्या साली एकाच दिवशी दोन वाडीतल्या हळदी घेतल्या. एका ठिकानी पोचलोच नाय. ती लोकं माज्या घरी आली, मारायचं तेवढं बाकी ठेवलं!”

काकांनी मला सांगितलं, याला असं काहीतरी करून दे की एका तारखेला दुसरी हळद घेताच येणार नाही. मी म्हटलं, वहीत लिहा की, एवढं काय त्यात? ते म्हणाले, “वहीत लिहून झालं. वही मानत नाही तो. मशीनने नाही म्हटलं पाहिजे.” मी कधी असलं केलं नव्हतं. महिनाभर डोकं फोडलं. तारखांचा तक्ता, नोंदणीचा फॉर्म, मागे माहिती साठवायची सोय, सगळं पुस्तकं वाचून शिकले. झालं तेव्हा बेंजोवाल्याला बोलावलं. त्याने एका तारखेला हळद टाकली. दुसरी टाकली तर मशीनने घेतली नाही. त्याने तिसऱ्यांदा टाकून बघितली.

“नाय घेत!” तो आनंदाने ओरडला. “काका, हे माज्या बायकोचंबी ऐकत नाय!”

काका मनापासून हसले. आमचं भांडण झाल्यापासून पहिल्यांदा मीही हसले.

दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर टेबलावर दाखला तयार होता. आपल्या जुन्या मशीनवर टाइप केलेला, खाली सही-शिक्का. ‘सदर उमेदवाराने माझ्याकडे पूर्ण दोन वर्षे काम केले. एकोणीस वेबसाइटी बनवल्या, पैकी सतरा चालू आहेत. बेंजो पार्टीच्या तारखांची व्यवस्था तिने कोणाच्या मदतीशिवाय केली. उघडलेले बंद करायला विसरते, पण दाखवल्यावर चिडत नाही, फक्त तसे दाखवते. एकदा तीन खोटे अभिप्राय लिहिले होते. ते स्वतः कबूल केले. नंतर तसा प्रकार घडला नाही. वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’

“काका! हे असलं घेऊन मी मुलाखतीला जाऊ? खोटे अभिप्राय वगैरे?”

“दोन वर्षांत घडलं ना ते?” ते म्हणाले. “मग दोन वर्षांत धरलंच पाहिजे.”

मी पाया पडले, पण मनातून धुसफुसतच. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि पुण्यात एसटीतून उतरताना सामान मोजून घे, एवढं सांगितलं.

दोन कंपन्यांनी तो कागद वाचून मला हसत हसत बाहेर काढलं. तिसऱ्या ठिकाणी एक मॅडम होत्या. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “ते बेंजोचं सांगा.” मी पाऊण तास सांगत होते. तारखा कशा अडवल्या, दोघांनी एकदम टाकल्या तर काय, सगळं. मग त्यांनी खोट्या अभिप्रायांचं विचारलं, तेव्हा कुडपणचंही सांगून टाकलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणि कुडपणच्या त्या वहिनी जेवायला अजून वाढतात का हो?” मला तिथेच नोकरी मिळाली. बाबांनी वाडीभर बर्फी वाटली.

पहिल्या सुट्टीला मी पेढे घेऊन थेट बाजारपेठेत गेले. वर बोर्ड नव्हता. शटरला कुलूप. खाली भांड्यांचं दुकान होतं, तिथले शेठच गाळ्याचे मालक.

“काका कुठे गेले?”

“अगो, तू गेलीस त्याच आठवड्यात त्यांनी गाळा सोडला. तसा ते गेल्या सालीच सोडणार होते. मला सांगून झालं होतं, मी दुसरा भाडेकरूही बघून ठेवला होता. मग एका संध्याकाळी आले, म्हणाले, अजून आठ महिने द्या. मी म्हटलं, काय, धंदा वाढला वाटतं? तर म्हणाले, नाही, एक कागद पुरा करायचाय.”

हातातला पेढ्यांचा पुडा मी घट्ट धरला. आठ महिने. छत्रीवाला, पोह्यांची गिरणी, गावोगावच्या एसट्या, कोर्टाबाहेरची ती ताडपत्री. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी चवदार तळ्याच्या बाजूने कोर्टाकडे कशी गेले ते मला आठवत नाही, पळतच गेले असणार.

काका मशीनवर होते. समोर बाकड्यावर कुठल्यातरी खेड्यातली एक म्हातारी बसली होती, तिचा वारसाचा अर्ज चालला होता. मला बघून ते म्हणाले, “आज रजा कशी काय?”

“काका, तुम्ही गाळा आठ महिने कशाला ठेवलात?”

त्यांनी अर्जाची ओळ पुरी केली, कागद वर सरकवला. मी पुन्हा विचारलं.

“तू रागावून गेलीस ना, त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो होतो,” ते कागदाकडे बघतच म्हणाले. “दोन वर्षं लिहून देणार होतो. तीन कागद फाडले. बोटं चालेनात गं. काय करणार? मग काकू म्हणाली, आठ महिनेच तर आहेत.”

मी तिथेच, फुटपाथवर, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागले. तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं, असं मी या माणसाला म्हटलं होतं! मी हुंदक्यांमधून माफी मागत होते. काका गडबडून उठले, पाण्याची बाटली शोधायला लागले. काळे कोट घातलेले दोघं वकील थांबून माझ्याकडे बघत होते. कोर्टासमोर बाई रडते ती एकाच कारणाने, असं तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकड्यावरची म्हातारी उठली, जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रडू नको गो बाय. हरलीस तर हरलीस. वरच्या कोर्टात जाता येतंय.”